स्वस्त पक्ष्याची नोंद कोण ठेवणार?

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या उत्तरेला ओबिदुश नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. १९६४च्या सुमारास तिथे अंगोलाहून आणलेले थोडे कॉमन वॅक्सबिल पक्षी सोडण्यात आले. अंगोला तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती. कॉफी आणि कापसाबरोबर तिकडून पिंजऱ्यातले पक्षीही यायचे. वॅक्सबिल हा आपल्या लाल मुनियेच्या कुळातला. वजन आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे चिमणीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. लालभडक चोच, डोळ्यांवरून गेलेला लाल पट्टा आणि अंगभर तपकिरी बारीक रेघा. सहाराच्या दक्षिणेला, घनदाट जंगलं सोडली तर, जिथे उंच गवत आणि जवळ पाणी आहे तिथे हा पक्षी थव्याथव्याने दिसतो. गवताचं बी खातो, गवतातच जमिनीलगत गोल घरटं बांधतो आणि घरट्याजवळ मांसाहारी प्राण्यांची विष्ठा आणून ठेवतो. त्या वासाने शत्रू दूर राहतात, असं दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांत दिसलं आहे. एवढ्याशा जिवाची ही हुशारी पाहिली की तो परमुलखातही का टिकला याचं फारसं नवल वाटत नाही.

साठ वर्षांत ओबिदुशच्या त्या पक्ष्यांनी पोर्तुगालची बहुतेक किनारपट्टी आणि नद्यांची खोरी व्यापली. पुढे इतर ठिकाणीही पक्षी सुटले, त्यांची भर पडली. सरहद्द ओलांडून ते स्पेनच्या एस्त्रेमादुरा आणि गॅलिसियापर्यंत पोचले. वॅक्सबिलचा प्रवास त्याच्याही फार आधी सुरू झाला होता. एकोणिसाव्या शतकात गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांबरोबर तो ब्राझीलला गेल्याचं पक्षीशास्त्राच्या पुस्तकांत नमूद आहे. असेन्शन, रियुनियन, सेशेल्स, ताहिती, हवाई अशी बेटंही त्याने घेतली. सेंट हेलेना बेटावर तर तो इतका रुजला की युरोपातले पक्षीविक्रेते त्याला ‘सेंट हेलेना वॅक्सबिल’ म्हणूनच विकू लागले. मॉरिशसच्या उसाच्या बांधांवरही तो आहे. तिथे कोकणातून आणि घाटावरून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज आजही मराठी सण साजरे करतात, आणि त्यांच्या अंगणात हा आफ्रिकी पक्षी दाणे टिपतो. मॉरिशसला दोघांचंही आता कुणाला नवल राहिलेलं नाही.

या पक्ष्याने तिथल्या मूळ पक्ष्यांचं काय वाकडं केलं? सापडलं त्यावरून पाहता, फारसं काही नाही. पोर्तुगीज अभ्यासकांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वॅक्सबिलची जागा आणि राहणी स्थानिक पक्ष्यांशी ताडून पाहिली. पाणथळीकडेचं गवत, बोरू, शेतांचे बांध अशा, इतर पक्षी फारसे वापरत नाहीत त्या कडेकोपऱ्यांत तो राहतो, असं त्यांना दिसलं. कुणाच्या ताटातला घास त्याने ओढून घेतलेला नाही.

असा पक्षी समोर आला की पक्षीनिरीक्षकांच्या गप्पांत दोन सूर निघतात. एक म्हणतो, परका आहे, हटवा. दुसरा म्हणतो, कुणाच्या घेण्यात नाही की देण्यात नाही, राहू द्या. पहिल्या सुरावर मी फार वेळ घालवणार नाही. दोन देशांच्या गवतात पसरलेला आठ ग्रॅमचा पक्षी वेचून मारणं अशक्य आहे, आणि शक्य असतं तरी ते क्रूर ठरलं असतं. शिवाय ‘घुसखोर’, ‘उपरे’ हे शब्द पक्ष्यांविषयी बोलताना ज्या चवीने वापरले जातात, त्यांचा रोख पुष्कळदा माणसांकडे असतो. असा पक्षी आपण होऊन समुद्र ओलांडत नाही. त्याला कुणीतरी जाळ्यात धरलं, खोक्यात भरलं, विकलं. हे सगळं सोडून पक्ष्यालाच गुन्हेगार ठरवायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं झालं.

माझं भांडण आहे ते दुसऱ्या, सौम्य वाटणाऱ्या सुराशी. ‘काही बिघडलं नाही ना?’ हा प्रश्न साठ वर्षांनी विचारायचा प्रश्न आहे. १९६४मध्ये ओबिदुशच्या काठी पिंजरा उघडणाऱ्याला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते विचारण्याचं बंधनही कुणी घातलेलं नव्हतं. वॅक्सबिल निरुपद्रवी निघाला हे पोर्तुगालचं नशीब. पिंजऱ्याच्या त्याच व्यापारातून स्पेनमध्ये आपला नेहमीचा पोपटही गेला. सेव्हिल शहरातल्या मारिया लुईसा उद्यानात या पोपटांनी झाडांच्या ढोली बळकावल्या, आणि त्याच ढोलींत राहणाऱ्या दुर्मिळ मोठ्या वटवाघळांवर हल्ले करून त्यांना मारलं. त्या वटवाघळांची तिथली मोठी वसाहत काही वर्षांत ओसरली. दोन्ही पक्षी युरोपात आले तेव्हा दोघांच्याही पायाला सारखीच चिठ्ठी होती: देखणा, काटक, स्वस्त. दुकानात दोघांमध्ये फरक करणारं कुणी नव्हतं.

आणि निरुपद्रवीपणाचा निकालही कायमचा नसतो. वॅक्सबिलच्या पाठोपाठ आफ्रिकेतून आणखी एक पक्षी पिंजऱ्यात येतो, पिन-टेल्ड व्हायडा. विणीच्या दिवसांत त्याच्या नराला अंगाच्या दुप्पट लांब काळी शेपटी फुटते, आणि त्या शेपटीसाठीच हौशी लोक त्याला घेतात. हा पक्षी स्वतःचं घरटं बांधत नाही. कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, आणि आफ्रिकेत त्याचा मुख्य यजमान आहे हाच वॅक्सबिल. कोकिळेचं पिल्लू कधी कधी यजमानाच्या पिल्लांचा निकाल लावतं. व्हायडाचं पिल्लू मात्र यजमानाच्या पिल्लांबरोबर वाढतं. तरी भरवणाऱ्याच्या डोक्यावर जास्तीची तोंडं बसतातच.

आता दक्षिण कॅलिफोर्नियात पाहा. तिथे पाळीव पक्ष्यांतून सुटलेल्या ठिपकेदार मुनिया १९८०च्या दशकापासून स्थिरावल्या. ही आशियातली मुनिया. आपल्या बाभळींवर आणि करवंदीच्या जाळ्यांवर घरटी करणारी, तिचे थवे महाराष्ट्रात कुठेही दिसतात. पुढे तिथेच व्हायडाही सुटले. आफ्रिकेतला नेहमीचा यजमान हाताशी नसताना त्यांनी या मुनियांच्या घरट्यांत अंडी घालायला सुरुवात केली. आफ्रिकेचा परजीवी आणि आशियाचा यजमान यांची गाठ अमेरिकेच्या किनाऱ्यावर पडली, आणि ती पाडून दिली पाळीव पक्ष्यांच्या दुकानांनी. व्हायडा आणखी कुठे रुजू शकेल याचे नकाशे अभ्यासकांनी मांडले आहेत, त्यात कॅरिबियन बेटं आणि हवाई आहेत. तिथल्या मूळ पक्ष्यांचा व्हायडासारख्या परजीवीशी पूर्वापार संबंध नाही. म्हणजे पहिला पक्षी निरुपद्रवी असला तरी दुसऱ्याची सोय करून ठेवू शकतो. पोर्तुगालमध्ये वॅक्सबिलचा हिशेब पूर्ण झाला असं कुणी म्हणू लागलं, तर मी थोडं थांबायला सांगेन.

तेव्हा प्रश्न वॅक्सबिल चांगला की वाईट हा नाही. कुठला परका पक्षी रुजेल आणि कुठला नाही, हे आधी नेमकं सांगणं अजून कुणाला जमलेलं नाही. मात्र एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे: पक्षी जितके जास्त आणि जितक्या जास्त वेळा सुटतात, तितका त्यांचा जम बसण्याचा संभव वाढतो. आणि सुटतात कोण? जे ढिगाने विकले जातात ते. महागड्या पक्ष्याला मालक डोळ्यांत तेल घालून जपतो. पन्नासच्या पेटीत आलेल्या फिंचमधल्या (मुनियेसारखे बी खाणारे छोटे पक्षी) दोन उडाल्या तर कोण शोधायला जातं?

स्पेनमधल्या अभ्यासकांनी आणखी एक फरक दाखवला आहे. रानातून पकडलेले पक्षी पिंजऱ्यातून निसटतात आणि बाहेर तग धरतात. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्यांना ते फारसं जमत नाही. झेब्रा फिंच जगभर लाखोंनी विकली जाते, पण तिची वाण आता कोंबडीसारखी माणसाळलेली आहे. आफ्रिकेतल्या छोट्या फिंचांचं तसं नव्हतं. सेनेगल, माली, गिनी इथून त्या थेट रानातून जाळ्याने धरून युरोपला जायच्या. शत्रू ओळखणं, नवं खाणं शोधणं, थंडीवाऱ्यात आसरा घेणं हे सगळं शिकून आलेले ते पक्षी होते.

हा ओघ थांबला तो पर्यावरणाच्या काळजीने नव्हे. बर्ड फ्लूच्या भीतीने युरोपीय संघाने २००५मध्ये रानपक्ष्यांची आयात तात्पुरती रोखली आणि २००७मध्ये ती कायमची बंद केली. पक्ष्यांच्या जागतिक व्यापाराच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासाप्रमाणे, वर्षाला सुमारे १३ लाख रानपक्ष्यांचा व्यापार होता तो घटून सुमारे १ लाख ३० हजारांवर आला. एका बाजारपेठेने दार लावलं आणि जगाचा व्यापार दहा टक्क्यांवर आला. शेतात जाळी लावून, विष टाकून, बंदुका घेऊन जे कुठेच साधलं नसतं ते बंदरावरच्या एका नियमाने साधलं. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली: उरलेला व्यापार इतर देशांकडे वळला, म्हणजे धोकाही तिकडे सरकला. एका दाराला कुलूप लागलं की शेजारच्या दाराशी गर्दी होते, आणि ज्या देशांत मध्यमवर्गाच्या हातात पैसा आणि घरात पिंजऱ्याची हौस दोन्ही वाढताहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. आपण त्यातलेच आहोत.

पण आपल्याकडे हा विषय निघाला की आपण नेहमी पीडिताच्या खुर्चीत जाऊन बसतो: घाणेरी आली, गाजरगवत आलं, चिलापी आली. दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडू या. आपली लाल मुनिया पिंजऱ्यातून जाऊन स्पेन-पोर्तुगालमध्ये वॅक्सबिलच्याच शेजारी नांदते आहे. ग्वादियाना नदीकाठच्या गवतात तिचे थवे आहेत. साळुंकी किडे खाईल म्हणून बेटाबेटांवर नेली गेली आणि नको तितकी वाढली. भारतीय कावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला नेण्यात आला, तिथून पूर्व आफ्रिकेचा किनारा त्याने काबीज केला. २०२४मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने दहा लाख कावळे मारण्याची मोहीम जाहीर केली, विष वापरून. सव्वाशे वर्षांनी. यालाच आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात, आणि इथे घोड्याला विष घेऊन यावं लागलं. पहिल्या काही कावळ्यांचा बंदोबस्त करायला झांझिबारमध्ये तेव्हा किती खर्च आला असता, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून रानात किंवा पाण्यात, ही वाट महाराष्ट्रात अनोळखी राहिलेली नाही. मत्स्यालयाची काच साफ करतो म्हणून घेतला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांत येतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. तो मासा पाण्यात सोडणाऱ्याने काही वाईट चिंतलं असेल असं मला वाटत नाही. मोठा झाला, टाकीत मावेना, मारवेना, मग सोडला. जीव जगला, आपल्या डोक्याचा ताप गेला. उजनीचा मच्छीमार या हिशेबात कुठेच नव्हता.

पक्ष्याच्या बाबतीत तर सोडणं हे आपल्याकडे पुण्यच मानलं जातं. बाजारातून मुनियांचा पिंजरा विकत घ्यायचा आणि सणाच्या दिवशी तो उघडायचा, हे जीवदयेच्या नावाने आजही चालतं. देशी मुनियेच्या बाबतीतही यातून पकडणाऱ्याला गिऱ्हाईक मिळण्यापलीकडे काही साधत नाही. परदेशी फिंचच्या बाबतीत दोनच शक्यता उरतात: संध्याकाळच्या आत कावळ्याने किंवा शिक्र्याने तिला उचलावं, किंवा ती जगावी आणि तिला जोडीदार मिळावा. दोन्ही शक्यतांत पुण्य कुठे आहे, मला दिसत नाही. आणि एकदा पक्षी लोकांच्या श्रद्धेत किंवा लडिवाळपणात शिरला की त्याच्याविषयी कुठलाही निर्णय घेणं किती अवघड होतं, हे २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्याने दाखवलंच आहे. ताडपत्री, न्यायालय, आंदोलन, सगळं झालं, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या इथेच असलेल्या कबुतरासाठी.

आता कायद्याकडे येऊ. भारतातल्या देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१पासून बंदी आहे. ती योग्यच आहे. अबूच्या डोंगराभोवती आणि मध्य भारतात उरलेली हिरवी मुनिया पिंजऱ्यासाठीच पकडली गेली आणि आज जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे. पण या बंदीचा फटका कुणाला बसतो ते पाहा. पानवठ्याजवळ फास लावणारा गरीब पारधी चार लाल मुनियांसकट सापडला तर गजाआड जातो. शहरातला दुकानदार परदेशी फिंचांच्या शेकडो जोड्या काचेच्या दारामागे मांडून बसतो आणि त्याच्यावर त्याच पक्ष्यांसाठी काही बंधन असलंच तर ते नावापुरतं. पक्षी देशी की परदेशी एवढ्यावरून एक गुन्हेगार आणि दुसरा व्यापारी ठरतो. परिसराला धोका कुणाकडून जास्त, हा प्रश्न मधेच गळून पडतो.

परदेशी प्राण्यांसाठी अलीकडे नियम आले. जून २०२०मध्ये केंद्राने अशा प्राण्यांच्या मालकांना आपणहून नोंद करायला सांगितलं. २०२२मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४मध्ये नोंदणीचे नियम निघाले. ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर मालकांनी आपल्याकडच्या प्राण्यांची माहिती भरायची. हे सगळं ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांवर बेतलेलं आहे. तो करार व्यापारामुळे संकटात येणाऱ्या, किंवा येऊ शकणाऱ्या, जाती वाचवण्यासाठी आहे. त्याचं कामच ते. पण त्याची यादी उचलून परक्या प्राण्यांच्या धोक्यासाठी वापरली की चाळणी उलटी पडते. जावा, म्हणजे राखी अंगाची, गुलाबी चोचीची ती इंडोनेशियाची चिमणी, मूळ मुलखात पकडून पकडून विरळ झाली म्हणून या यादीत आहे. तिची नोंद करावी लागते. वॅक्सबिल आफ्रिकेत भरपूर आहे, त्याला कसली भीती नाही, म्हणून तो यादीत नाही आणि आपल्या नोंदवहीतही नाही. पण परमुलखात बस्तान बसवण्याचा संभव अशाच पक्ष्याचा जास्त: भरपूर, स्वस्त, कुठेही जुळवून घेणारा. दुर्मिळाची नोंद ठेवायची आणि विपुलाला मोकळं सोडायचं, ही रचना पोपटाच्या किंवा माकडाच्या तस्करीला लगाम घालेल. ओबिदुशसारख्या गोष्टीला ती आडवी येणार नाही.

याच दुरुस्तीने कायद्यात आक्रमक परकीय जातींची व्याख्याही आणली, आणि अशा जातींची आयात, विक्री, बाळगणं यावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. चांगली तरतूद आहे. पण ती वापरायची तर आधी कुणीतरी म्हणायला हवं की अमुक जात इथल्या वन्यजीवनाला धोका पोचवू शकेल. तोवर ती दुकानात राहणार. ऑस्ट्रेलियाने हे उलट केलं आहे: जिवंत प्राणी आणायचा तर त्याचं नाव सरकारच्या परवानगी-यादीत असलं पाहिजे, नसेल तर आयात नाही, मग तो कितीही गोजिरवाणा असो. सिद्ध करण्याची जबाबदारी आणणाऱ्यावर. पाळीव पक्ष्यांपुरती अशी यादी आपण करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. तिच्यात झेब्रा फिंच, बंगाली फिंच, बजी आणि कॉकटेल हे छोटे पोपट अशी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली मंडळी बिनदिक्कत येतील. हौशी पक्षीपालकांपैकी बहुतेकांना त्याच्या पलीकडे काही लागतही नाही. रानातून धरलेला कुठलाही पक्षी, देशी असो वा आफ्रिकी, तिच्यात येणार नाही.

रानातला पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला म्हणून खपवला तर? युरोपातले पक्षीपालक यासाठी अखंड कडी वापरतात. पिल्लू काही दिवसांचं असतानाच ती बिनजोडाची कडी पायात सरकवावी लागते. पाय वाढला की ती चढत नाही आणि उतरतही नाही. मोठ्या पक्ष्याच्या पायात नीट बसलेली अखंड कडी म्हणजे तो माणसाच्या हाताखाली वाढल्याचा बऱ्यापैकी पुरावा. महागडं यंत्र लागत नाही, वनखात्याच्या शिपायालाही एका नजरेत कळतं. यात लबाडी अजिबात होत नाही असं नाही, पण आज काहीच नाही त्यापेक्षा हे किती तरी बरं.

पक्षीपालकांची तक्रार ऐकू येते की छोट्या माणसाच्या पोटावर पाय येईल. पुणे-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत घराच्या गच्चीत फिंच पैदा करून चार पैसे मिळवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हा धंदा मला वाईट वाटत नाही. उलट परवानगी-यादीने त्यांचाच माल उचलला जाईल. मार बसेल तो रानातून धरलेले पक्षी पेटीने आणणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला. नियम एका रात्रीत लागू करू नये, जुना साठा संपायला दोन वर्षं द्यावीत. आणि विकणाऱ्यावर एक अट असावी: गिऱ्हाइकाला पक्षी नकोसा झाला तर तो परत घेण्याची. आज नको झालेल्या पक्ष्याला खिडकीशिवाय वाट नाही. कंटाळलेल्या मालकाला दुकानाचा पत्ता ठाऊक असेल आणि तिथे कुणी तोंड वाकडं करणार नसेल, तर निदान निम्मे पिंजरे खिडकीत उघडायचे थांबतील.

राहिला पोर्तुगालचा वॅक्सबिल. त्याला तिथे राहू द्यावं. त्याची मोजदाद चालू ठेवावी, आणि ज्या गवतात तो घरटं करतो तिथे लांब काळ्या शेपटीचा पक्षी दिसला तर मात्र वेळ न दवडता त्याच्या मागे लागावं.